गुलाबी झबलं

प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर एक शिंपी आपल्या बहिणीच्या सुटकेची वाट बघत बसला होता. शेजारी दोन विहिणी होत्या, त्यांचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडत होतं. आत बाळंत होत असलेल्या सुनेची आई मांडीवर एक जुनं गुलाबी झबलं घेऊन बसली होती आणि सासूची नजर काही त्यावरून हटेना.

“विहीणबाई, मुलगा झाला तर हे कसं घालायचं? लोक हसतील.”

“मुलाचंच आहे ते. माझे वडील जन्मले तेव्हा त्यांना घातलेलं.”

“गुलाबी? बाप्याला?”

“आमच्या घरी तेव्हा गुलाबी मुलांचाच. गुलाबी म्हणजे लालाचंच फिकं रूप म्हणायचे, तापट. निळा मुलींना, शांत म्हणून.”

“अगंबाई! मग उलटं कुणी केलं?”

“कुणास ठाऊक. दुकानात तसे कपडे यायला लागले, आपण घ्यायला लागलो.”

“मी तरी निळंच आणलंय बाई. आत इतका वेळ का लागतोय हो?”

“पहिलटकरीण आहे. लागतो वेळ.”

“झबल्याची घडी कितीदा मोडताय?”

“हाताला काही चाळा हवा.”

दार उघडलं. नर्स घाईत होती.

“तुमच्या बाळाचे कपडे द्या, लवकर!”

सासूने पिशवीतून पुडकं काढलं, पण त्याची गाठ काही सुटेना. तिने विहिणीच्या मांडीवरचं गुलाबी झबलं उचललं आणि नर्सच्या हातात कोंबलं. दार लागलं.

“विहीणबाई…” सासू दाराकडे बघत म्हणाली.

“हं?”

“बाळ रडल्याचा आवाज आला का हो तुम्हाला?”