जगदेवी अक्काची भज्जी

न्हाई, पण मी म्हणतो, नाव खोटं घेतलं म्हणून माणूस लगेच चोर होतोय व्हय? बोला की! तुम्हाला सांगतो, मी कुणाची सोयरीक मोडली न्हाई, कुणाला लुबाडलं न्हाई... भज्जीच इचारली ना मी!

आमची कारभारीण नागव्वा देवाघरी गेली, पोरगं पुण्याला, अन् निंबर्ग्यात हा गुंडेराव अन् चूल, दोघंच! अन् चूल काय मला दाद देईना, भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटायची. तवा फेसबुकावर 'सुगरणींचा कट्टा' घावला, अन् त्याच्यावर पाटी काय, तर पुरुषांना बंदी! कामून बाबा? पुरुषाला पोट नसतंय? मग झालो की जगदेवी! फोटो जास्वंदीचा लावला. फोनातून मिशा थोड्याच दिसत्यात!

म्हटलं, "बायांनो, येळवशीची भज्जी कशी करावी गं?" नौबादची एक सुधारानी फणकारली, "अक्का, आधी भाकरी नीट थाप, मग भज्जीचं बोल!" पण शिकवलं बाईनं, पालेभाज्या अन् हिरव्या शेंगा शिजवून बेसन कसं लावायचं, समदं शिकवलं. अन् रोज सांजच्याला तिचा मेसेज, "अक्का, जेवलीस का?" आवं, नागव्वा गेल्यापास्नं हे इचारणारं कुणी राहिलंच नव्हतं हो! पोरगं फोन करतंय तर, "अप्पा, तूर कशी हाय?" तुरीची चौकशी, बापाची न्हाई! आधी मी उपाशीपोटीच 'व्हय, जेवले' लिहायचो, मग लाज वाटायली, म्हणून खरंच रांधायलो. ह्यात वाईट काय? भज्जीच इचारली ना मी!

अन् आली येळवस, शेतात पूजा करून तिथंच जेवायची अवस. आपल्याकडची रीत तुम्हाला ठावं हाय, येळवशीला दिसंल त्याला 'शेतात या' म्हणायचं, भावकीतल्या दुश्मनाला बी! बोट सवयीनं चाललं अन् कट्ट्यावर लिहून बसलो, "समद्याजणी निंबर्ग्याला आमच्या शेतात या गं!" अन् येळवशीचं बोलावणं कोण मोडतंय? क्रूझर गाडी भरून आल्या की हो! सुधारानी म्होरं, "अण्णा, आमची जगदेवी अक्का कुठं हाय?"

खरं सांगावं, तर उद्यापास्नं 'जेवलीस का' कोण इचारणार? तोंडातून निघून गेलं, "ताई, मी तिचा भाऊ... ती उदगीरला गेली, भाची बाळंत झाली!"

कडब्याच्या खोपीत बसवलं, पहाटेपास्नं मीच रांधलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातली आंबील वाढली. सुधारानीनं घास घेतला, थांबली, माझ्या हाताकडं बघितलं... बोटं बेसनानं भरलेली! म्हटलं, गुंडेराव, बुडालास. पण बाई गपचिप जेवली, वर म्हणते कशी, "अण्णा, अजून थोडी वाढा."

सांजच्याला मेसेज आला, "अक्का, तुझा भाऊ लई गुणाचा गं, पण पार वाळून गेलाय. त्याला रोज पोटभर घालत जा. अन् सांग त्याला, भज्जीत मीठ जास्ती झालतं!"

तिला कळलं का न्हाई, देव जाणे! मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. पण तवापास्नं रोज दिवस मावळला की, "अक्का, भाऊ जेवला का?" भाऊ जेवतोय हो, दोन भाकरी जास्तीच जेवतोय... पण चुलीपुढं धुरानं डोळं जाळून घेणारी जगदेवी जेवली का उपाशी हाय, हे आता त्या बिचारीला कुणीच इचारंना!