काठाची पट्टी

वडिलांच्या माघारी त्यांची जमीन माझ्या नावावर करायला मी जमीन कार्यालयाच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक बाई आणि तिचा धाकटा दीर होता.

"वहिनी, पुरात माझा काठ गेला. नदी पार पंपाच्या खोलीपर्यंत आलीय."

"आणि माझा?"

"तुमचा आहे तिथेच आहे. माहीत आहे की तुम्हाला."

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. काठ सोडला तेव्हा वेडी म्हणालात मला."

"पाणमांजरांसाठी कोण शेत सोडतं?"

"शेत कुठे सोडलं? काठाची पट्टी तेवढी. तिथे वाळुंजाची झाडं वाढू दिली, त्यांच्या मुळांनी माती धरली. तुम्ही मात्र नांगर पाण्याला टेकवलात."

"ते नदी वाचवणाऱ्या संस्थेचे लोक गुरांची वाट बंद करतील, अशी भीती होती हो."

"मलाही होती. म्हणून भांडले. गुरांना वाट आणि पंपाला जागा, तरच सही. दिली त्यांनी. आता पाणमांजरीला पिल्लंही झालीत."

"पाहिली. माझ्या मासळीवर ताव मारतात."

"नदीतली मासळी तुमची कधीपासून?"

"बरं, वाळुंजाची रोपं द्याल ना?"

"फांद्या न्या, खोचल्या की लागतात. आधी सही करा."

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "नदीकाठची पट्टी न नांगरता सोडताय. स्वखुशीने?"

"हो, स्वखुशीने," दीर पुटपुटला.

"मोठ्याने, भावजी. मला वेडी म्हणताना गावभर ऐकू जात होतं."

रांग हसली. मीही हसले. दिराने मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "स्वखुशीने!"