सातचा आकडा

शिंपी : माझ्या तोंडून निघालेला आकडा म्हणजे कोर्टाचा निकाल, बाई! तीस वर्षं मापं घेतोय. अर्ध्या इंचाची चूक दाखवा आणि मशीन उचलून न्या.

तपासनीस : सातची दाखवते. लग्नाबाहेर किती जणींशी संबंध आला, या प्रश्नाला महिन्यापूर्वी फॉर्म भरायला आलेल्या आमच्या मुलीला तुम्ही ‘सात’ सांगितलंत. आज मला शून्य.

शिंपी : हळू! आत बायको काजं करतेय. एकच गोष्ट दोनदा विचारतात का?

तपासनीस : आरोग्य पाहणीत दर दहाव्या माणसाला आम्ही पुन्हा विचारतो.

शिंपी : मग मधलं काहीतरी धरा. साडेतीन.

तपासनीस : साडेतीन बायका?

शिंपी : बरं, तीन.

तपासनीस : थट्टा नाही. उत्तर जुळलं नाही, तर मुलीनं घरी बसून फॉर्म भरले असं साहेब धरतात. उद्या काढून टाकतील तिला.

शिंपी : अहो, आली होती ती! याच स्टुलावर बसली, पाणीसुद्धा प्यायली.

तपासनीस : मग सात कुठून आले?

शिंपी : साडू आला होता पँटच्या ट्रायलला. तिनं आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, पाच.

तपासनीस : दोघांना एकमेकांसमोर विचारलं?

शिंपी : मी नात्यानं थोरला. त्याच्याहून कमी कसं सांगू? जरा सैल शिवलं, झालं.

बायको (आतून) : सात? माझा एक ब्लाउज चार महिने लोंबकळतोय, आणि सात जणींना वेळ मिळतोय होय!

तपासनीस : बाई, नियमानं तुम्ही ऐकायचं नसतं.

बायको : मी कुठं ऐकतेय!

तपासनीस : हं, लिहून द्या. मुलगी आली होती, साडूसमोर खोटं सांगितलं, खरा आकडा शून्य. खाली सही. दोघांना एकत्र विचारलं म्हणून ती बोलणी खाईल, पण नोकरी वाचेल.

शिंपी : वाचणार कोण हे?

तपासनीस : फक्त साहेब.

शिंपी : ते जाड चष्म्याचे? त्यांचे सफारी मीच शिवतो हो! दर वेळी तास-तासभर गप्पा... माझ्या तरुणपणाच्या.

तपासनीस : तुमची मर्जी. जबरदस्ती नाही.

शिंपी : तिच्या घरी आणखी कोण कमावतं?

तपासनीस : कोणी नाही.

शिंपी : ...आणा ते पेन. मुलगी आली होती. लिहिलं. साडूसमोर खोटं बोललो. लिहिलं. ही सही.

तपासनीस : आकडा राहिला.

शिंपी : बाई, शून्याच्या जागी नुसती आडवी रेघ मारली, तर चालेल?