खुर्ची हलणार नाई

— नाई, रूपरावजी, कडीवरचा हात काढा आधी. निकेश झोपला आहे. आठ वाजले, हो, मलेही दिसते — ऊन पार पायरीवर आलं. तुम्ही आंजीहून पहिल्या बसनं आले, दुकान बंद ठेवून आले, मान्य. बाप तुम्ही त्याचे, मी नुसता घरमालक. पण ही खुर्ची मी दाराले आडवी टाकून बसलो, अन् ती हलणार नाई. म्हाताऱ्याले ओढायची लाज वाटत नसंन तर ओढा.

तुम्ही देलेलं गजराचं घड्याळ? तांदळाच्या डब्यात टाकलं मी. बोंबलू द्या तिथं. रात्री एकपर्यंत दिवा, अन् पहाटे चारले पुन्हा उठा — बारावी दुसऱ्यांदा देऊन राह्यला म्हणजे काय गुन्हा केला का त्यानं? काय म्हणता — लाड? मी लाड करून राह्यलो? असंन. माझी बायको वच्छलाही तेच म्हणते, दुसऱ्याच्या पोराचं तुम्ही काऊन ठरवता? बरोबर म्हणते. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली ती गवतावर — माणसाच्या पोराचं मले काय कळते? काही नाई. म्हणून तर त्याले डॉक्टरीणबाईकडे नेलं. त्या म्हणाल्या, पह्यले याची झोप जागेवर आणा. रोज एकाच वेळी झोपू द्या, संध्याकाळनंतर चहा नको, पलंगावर पुस्तक नको. झोप तुटली की मनाले सगळे रस्ते बंद दिसतात, म्हणाल्या. आळशी? आळशी नाई तो, रूपरावजी! जे पोरगं आमच्या स्वैपाकघरात उभं राहून म्हणते, सर, जगावंसंच वाटत नाई, त्याले तुम्ही आळशी —

...

बसा. बसा आधी, खालीच बसा. हे असं सांगायचं नव्हतं मले. तुम्हाले सांगणार नाई म्हणून शब्द देला होता त्याले. डॉक्टरीणबाई म्हणत, घरी सांगा. तो म्हणे, नका सांगू सर, बाबा खचतील. अन् मी दोघांच्या मधात — आज सांगतो, उद्या सांगतो. आता निघालं तोंडातून. चिडंन तो माझ्यावर. चिडू द्या! चिडायले तो असला पाहिजे ना!

एकटं सोडलं नाई आम्ही त्याले. दवाखान्यात पुन्हा जायचं आहे, तुम्हीही चला. झोपेनं सगळं सुटते, असं मी म्हणत नाई. मी चुकतही असंन — मी रोज घाबरतो, मी चुकून तर नाई राह्यलो? पण काल तो पोटभर जेवला, गोष्टी करत करत झोपला, अन् अजून झोपूनच आहे. ही झोप मी कोणाले मोडू देणार नाई. तुम्हाले नाई, बोर्डाले नाई.

शू... हळू. रडायचं असंन तर मागच्या अंगणात जा, वच्छला आहे तिथं. लाज कशाची? जा ना.

अन् चपला हातात घ्या.