कोलंबीचा वास लागलेली पुस्तकं

आत या ना, मावशी. दारात नका उभ्या राहू. टोपल्या बाहेर ठेवल्यात ते दिसतंय मला, आणि तुम्ही बाहेर का थांबलात तेही कळतंय. आज तरी आत या. इथे पुढे सतरंजीवर जागा आहे.

मुख्याध्यापक सर, संस्थेची सगळी मंडळी, वसुधाबाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, जमलेले आईबाप, आणि माझ्या सहावी-सातवी-आठवीच्या मुलांनो. मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. काल दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. बाईंबद्दल चांगलं लिहायला गेले की प्रत्येक ओळीत माझीच चूक दिसायची.

मी जयश्री. याच शाळेत शिकले, बाईंच्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवीधर. गेली दोन वर्षं इथेच तासिकेवर मराठी शिकवते. मला सांगण्यात आलंय की या शोकसभेत बाईंच्या वाचन उपक्रमाचा तीन मिनिटांत आढावा घ्या. घेते. पण तीन मिनिटांत होणार नाही. माफ करा.

माझ्या आधी बोलणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं की बाईंनी मुलांना वाचनाची गोडी लावली. बाई असत्या तर हसल्या असत्या. त्यांनी कुणालाही गोडी लावली नाही. त्यांनी आम्हाला कामाला लावलं.

काय करायच्या त्या? शनिवारी शाळा सुटताना प्रत्येकाच्या हातात गोष्टीचं एक पुस्तक द्यायच्या आणि म्हणायच्या, "घरी जे कोणी काम करत बसलं असेल, त्याच्या शेजारी बस आणि मोठ्यानं वाच." बस. एवढंच. समजलं का, आवडलं का, बोध काय, काही नाही. सोमवारी पुस्तक परत घेताना एकच विचारायच्या, "ऐकणारं काय म्हणालं?"

मी सहावीत होते तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं. लपवत नाही. जोडाक्षर आलं की मी ते गिळायचे. पहिल्या शनिवारी पुस्तक घेऊन घरी गेले, तर आई आणि शेजारच्या दोन काकू अंगणात कोलंबी सोलत बसलेल्या. मी बसले बाजूला आणि वाचायला लागले. अवघड शब्द आला की उडी. परत आला की परत उडी. थोड्या वेळानं काकूनं हात थांबवला.

"काय गो, ही बाई अजून रडते कशाला? तिचा नवरा तर मगाशीच आला ना?"

दुसरी म्हणाली, "आला तो दुसराच कोणतरी आसंल."

आई म्हणाली, "दुसरा नाय. आमची पोरगी मधलं खाते. म्हावऱ्यावर मांजर तशी. मागं जा गो, नीट वाच."

मी मागे गेले. नीट वाचलं. नवरा आलाच नव्हता, त्याची चिठ्ठी आली होती. 'चिठ्ठी'तला ठ्ठ मी गिळला होता आणि त्यासोबत अख्खी गोष्ट गिळली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की अक्षर गिळलं तर कुणाचं तरी नुकसान होतं. हे मला कुठल्याही शिक्षकानं शिकवलं नव्हतं. कोलंबी सोलणाऱ्या तीन बायकांनी शिकवलं. त्यांतल्या एकीलाही सही करता येत नव्हती.

सोमवारी बाईंनी विचारलं, ऐकणारं काय म्हणालं? मी म्हटलं, "काकू म्हणाली, तुझ्या बाईला सांग, गोष्टीतल्या म्हातारीला शेवटी मारलं ते बरं नाय केलं." बाई इतक्या हसल्या! म्हणाल्या, "काकूंना सांग, मी नाही मारलं. पण पुढच्या पुस्तकात म्हातारी जिवंत आहे, तेच घेऊन जा."

असं चालायचं. ऐकणाऱ्यांना पुढचं हवं असायचं, म्हणून आम्हाला वाचावं लागायचं. आपल्या शाळेत बोईसरच्या कामगारवस्तीतली मुलंही आहेत. ती मराठीत वाचायची आणि घरी हिंदीत सांगायची. एकाचे वडील कारखान्याच्या गणवेशातच शाळेत आले होते, ते मला आठवतं. आम्हाला वाटलं, तक्रार घेऊन आले. ते म्हणाले, "मॅडम, आगे का हिस्सा बच्चे को आज ही दे दो. शनिवार को मेरी नाइट है." तो मुलगा त्या वेळी वर्गात सगळ्यात मागे होता. वर्षअखेरीला तो आमच्यापेक्षा भराभर वाचायचा. वडिलांची पाळी गाठायची असायची ना!

आता कडू भाग. तो मलाच सांगावा लागेल, कारण तो मी केलाय.

दोन वर्षांपूर्वी मी इथे शिकवायला लागले. नवीकोरी पदवी, डोक्यात नवे विचार. त्याच वर्षी शाळेला नवी पुस्तकं मिळाली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यांच्याबरोबर एक पत्रही आलं. वाचन उपक्रमाचा अहवाल पाठवा, फोटो पाठवा, प्रत्येक मुलानं प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहिलेला असावा. सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "जयश्री, तू तरुण आहेस, हे तू बघ. वसुधाबाईंची पद्धत चांगली आहे, पण ती कागदावर दिसत नाही. आणि पुस्तकं घरी गेली की परत कशी येतात, बघ एकदा."

मी बघितली. पानांवर बोटांचे ठसे. कडा ओल्या होऊन सुकलेल्या. एका पुस्तकात कोलंबीची मिशी चिकटलेली. आणि वास.

मला काय वाटायला हवं होतं? माझ्या आईच्या हातांचा वास होता तो. मी त्या वासात वाढले, त्या वासात वाचायला शिकले. आणि मला लाज वाटली. मला वाटलं, बाहेरचे साहेब येतील, पुस्तक उघडतील, नाकाला रुमाल लावतील. कॉलेजात पालघरला जाताना रोज दोनदा साबण लावून हात धुणारी मुलगी होते मी. ती मुलगी त्या दिवशी शिक्षिका झाली.

मी नियम केले. पुस्तक घरी न्यायचं नाही. शाळेतच वाचायचं, शांतपणे, मनातल्या मनात. वाचून झालं की वहीत सारांश लिहायचा, आणि शेवटी 'या पुस्तकातून आपल्याला काय शिकायला मिळते' हे लिहायचं. नियमांचा तक्ता मी माझ्या हातानं रंगवला. सुंदर झाला होता. सगळे म्हणाले.

बाई माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जयश्री, वास येतो म्हणजे पुस्तक घरात पोचलं. त्यात एवढं काय?"

मी म्हटलं, "बाई, आता दिवस बदललेत. काहीतरी शिस्त हवी ना?"

त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार."

मी आईला विचारलं नाही. बाईंच्या निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. त्यांच्याकडून शनिवारचा तास काढून माझ्याकडे दिला गेला, तेव्हाही मी गप्प राहिले. खरं सांगू? मला अभिमान वाटला.

आणि मग वह्या आल्या. मी तपासायला बसले. पहिल्या वहीत सारांश ठीक. दुसऱ्या वहीत तोच. तिसरीत तोच. मुलांनी पुस्तकाच्या मागचा मजकूर उतरवून काढला होता. शेवटी लिहिलं होतं, 'या पुस्तकातून आपल्याला काय शिकायला मिळते? सर्व हक्क राखीव.'

हसा. हसू येतंच. सातवीच्या अर्ध्या वर्गानं तेच लिहिलं होतं. बोध, सर्व हक्क राखीव. पण पुढचं ऐका. तपासणीला साहेब आले, त्यांनी त्याच वह्या चाळल्या, आणि माझ्या फायलीवर लाल शाईनं लिहून गेले, 'उत्तम'. फोटो निघाला. माझ्या गळ्यात हार. बाई मागच्या रांगेत उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या, मला माहीत आहे. म्हणूनच त्या आज जास्त लागतात.

सातवीत एक मुलगी आहे. ती इथेच बसलीय, म्हणून नाव घेत नाही. ती तिच्या आजीला वाचून दाखवायची. हो आजी, तुमच्याबद्दलच बोलतेय. समुद्रावर गेलेल्या दोन भावांची गोष्ट होती. माझा नियम आला तेव्हा ती अर्ध्यावर होती. पुस्तक शाळेत जमा झालं. मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, फक्त आजच्या दिवस नेऊ का? आजी इचारते, धाकटा परत आला काय?" मी म्हटलं, "तू इथे वाच, आणि घरी जाऊन सांग." तिनं वाचलं नाही. कुणासाठी वाचायचं? मनातल्या मनात वाचायचं ते कुणाला ऐकू जाणार? त्या दिवसापासून ती पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही. मी तिच्या नावापुढे 'उपस्थित' लिहिते.

बाई आजारी पडल्यावर मी उमरोळीला त्यांच्या घरी गेले होते. काका, तुम्ही चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकली होती. त्या फार बारीक झाल्या होत्या. मी बसायच्या आधी, बरी आहेस का म्हणायच्याही आधी, त्यांनी विचारलं, "त्या आजीची गोष्ट पुरी झाली का गं?"

मी म्हटलं, "हो बाई. झाली."

त्यांनी विचारलं, "ऐकून काय म्हणाल्या आजी?"

मी म्हटलं, "खूप आवडली म्हणाल्या."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना हाच प्रश्न विचारला होता. खरं ऐकणारं माणूस 'खूप आवडली' असं कधी म्हणत नाही, भांडतं. त्यांना कळलं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. काकांना म्हणाल्या, "हिला जाताना चिकू द्या." मी चिकू घेऊन आले. बाई बारा दिवसांत गेल्या.

काका, मी तुमच्या घरी येऊन, जाणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. आज सगळ्यांसमोर कबूल करते. माफी मागत नाही. माफी द्यायला ज्या होत्या, त्या नाहीत.

आता शेवटचं. आत्ताच जाहीर झालं की बाईंच्या नावानं शाळेत वाचनकक्ष होणार. काचेची कपाटं येणार, पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालणार, बाहेर बाईंचा फोटो लावणार. फोटोला हारही घालतील. आणि आत मुलं शांत बसून, मनातल्या मनात, सर्व हक्क राखीव वाचतील. बाईंच्या नावानं माझाच नियम! बाई असत्या तर गप्प राहिल्या असत्या. त्यांचा तो गप्पपणा आपण सगळ्यांनी फार वापरला. मी सगळ्यात जास्त.

सर, तुम्ही वाईट माणूस नाही. तुमच्यावर वरून पत्रं येतात, हे मला ठाऊक आहे. अहवाल मी लिहीन, फोटो मी काढीन, जे मागतील ते कागद मी रात्र जागून देईन. मला एकच गोष्ट हवी. येत्या शनिवारपासून सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक जाऊ द्या, घरी. फाटलं तर फाटू द्या. भिजलं तर भिजू द्या. सारांश नको, बोध नको. सोमवारी मी एकच प्रश्न विचारीन आणि तुम्ही मला अडवू नका. मी तासिकेवर आहे. माझं नाव उद्या खोडता येतं, तेही मला माहीत आहे.

बाहेर बोलावून उत्तर देऊ नका, सर. 'बघू' म्हणू नका. पुस्तकं घरी जाऊ द्या असं बाईंनी म्हटलं, तेव्हा त्यांनाही 'बघू'च म्हटलं गेलं, आणि त्या शब्दात त्यांची शेवटची दोन वर्षं गेली.

मला शेवटी दोन मिनिटं मौन पाळायला सांगायचं आहे. पाळूया. सगळ्यांनी उभं राहायचं, मुलांनीही. ज्यांना बाई आठवतात त्यांनी त्यांना आठवावं. सर, तुम्ही तेवढ्या वेळात ठरवा. मौन संपल्यावर मी खाली बसणार नाही, इथेच उभी राहीन. या आयांसमोर, या आजींसमोर तुम्ही मला 'हो' म्हणा नाहीतर 'नाही' म्हणा.

उठूया.