ग्यानोबा व्याह्यांसमोर न बोललेलं

आमचं गाव निलंग्यापासून दोन कोसावर. घरचा ऊस, बाप चहासुद्धा न पिणारा, त्याच्या पोटी मी असा निघालो. तुम्ही लिहून घ्यायलात तर सरळ लिहा, माझं बरं दिसावं म्हणून झाकू नका. दारू मला कारखान्याच्या गेटवर लागली. उसाची ट्रॉली नेली की नंबर लागेपर्यंत दोन दोन दिवस लायनीत बसायचं, थंडी लई, काम काही न्हाई, कुणीतरी ग्लास पुढं करायचं. हंगाम संपला की कारखाना बंद व्हायचा, माझं पिणं व्हायचं न्हाई. चाळीस वर्षं म्हणा. बायको त्यातच झिजून गेली, पण आज तिचं सांगत न्हाई, आज सुनेचं सांगायचंय.

सून मीरा, माझ्या बालाजीची बायको. सोयाबीन काढणी चालली होती, ती दोघं रानात निघाली आणि दोन वर्षांची नात, आरती, माझ्याजवळ ठेवली. तात्या, आज पिऊ नका हो, पोरगी तुमच्यापाशी हाय, असं मीरा जाताना म्हणली, मी हाव म्हणलो. दहा वाजताच घेतली. मग वाटलं वास येईल, ती येऊन बोलेल, म्हणून आंघोळीला भगुनंभर पाणी ठेवलं चुलीवर आणि तिथंच भिंतीला टेकून झोपलो. पोरीच्या ओरडण्यानं जागा झालो तर भगुनं आडवं आणि तिचा उजवा हात, काय सांगू तुम्हाला, पार खांद्यापर्यंत. शेजारी धावले, कसं झालं म्हणले, आणि माझ्या तोंडून निघालं, सुनेनं चुलीवर पाणी ठेवलं आणि तशीच गेली रानात. बघा, पाय उचलत नव्हता, पण खोटं बरोबर सुचलं. बालाजीनं सगळ्यांसमोर तिला मारलं. मी न्हाई ठेवलं पाणी, मी न्हाई ठेवलं, म्हणत राहिली, आणि मी गप. पोरीचा हात बरा झाला तशी मीरा तिला घेऊन माहेरी गेली. लेकराकडं न बघणारी बाई, असं नाव झालं भावकीत.

पुढं मला कावीळ झाली. डॉक्टर म्हणले, आता एक घोट घेतला की गेलात. निलंग्यात दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची, बुधवारी दुपारी, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. गेलो, तर समोर कोण, मीराचा बाप, ग्यानोबा व्याही. तेही आमच्यातलेच. हसून म्हणले, या पाव्हणं, सोयरीक जुळवताना पत्रिका बघितली, बाटल्या बघायच्या राहिल्या. सगळे हसले. तिथला नियम असा की खरं बोलायचं आणि इथलं बाहेर न्यायचं न्हाई. माझी पाळी आली, मी म्हणलो, सुनेनं घर मोडलं, म्हणून जास्त झाली. व्याही उठले आणि माझ्या पाया पडले. मुलीचा बाप, आयुष्यभर वाकायची सवय. म्हणले, माझ्या पोरीनं तुमच्या घराची राख केली, माफ करा. मी पाय मागं घेतले न्हाईत.

तिथं परत कसा जाणार? बालाजीला म्हणलो, ती माणसं बरी न्हाईत, दुसरी बैठक बघतो. लातूरला गेलो. तिथं बॅनर, माइक, सगळं मोठं काम. चार महिने कोरडा राहिलो म्हणून माझा सत्कार ठेवला, फेटा बांधला, शाल दिली, बोला म्हणले, आणि मी सुनेची तीच गोष्ट माइकवर सांगितली. टाळ्या पडल्या. बसस्टँडवर पोचायच्या आत दुकानात शिरलो, फेटा डोक्यावर तसाच. दुकानवाला म्हणला, नवरदेव, क्वार्टर देऊ का हाफ?

मग लांब नांदेड गाठलं, चार तास एसटीनं. शाळेची खोली, लहान बाकं, गुडघे मावत नव्हते. आपल्याकडं माणूस भेटला की आधी गाव कोणतं, मग कुणापैकी. तिथं कुणी विचारलं न्हाई, म्हणून चार खेपा झाल्यावर जीभ सुटली आणि चुलीवरचं पाणी सांगितलं. पहिल्यांदा. कुणी टाळी वाजवली न्हाई, कुणी शिवीही दिली न्हाई. एक रिटायर मास्तर होते, चहा देताना म्हणले, तात्या, चांगलं केलंत, पण आम्ही मीराला ओळखत न्हाई.

येताना बसमध्ये तेच डोक्यात. बुधवारी निलंग्याला गेलो आणि व्याह्यांकडं तोंड करून सगळं बोललो.  व्याही म्हणले, पोरीनं मला तेव्हाच सांगितलं होतं पाव्हणं, मीच तिला खोटी ठरवली, माहेरीसुद्धा धड राहू दिलं न्हाई. आणि आता हे इथलं बाहेर न्यायचं न्हाई, मग मी गावात काय सांगू?

मी म्हणलो, दुसऱ्याचं न्यायचं न्हाई, माझं मी नेतो. घरी येऊन बालाजीला सांगितलं. तवापासून तो माझ्याशी बोलत न्हाई, ताट सरकवतो आणि जातो. व्याही म्हणले, लिहून ठेवा आणि माझंही नाव घाला. म्हणून तुम्हाला बोलावलं. मीरा किनवटला हॉस्टेलात स्वयंपाक करते, आरती तिथंच शाळेत जाते. तिनं बोलावल्याशिवाय मी जाणार न्हाई. परत ये म्हणायचं तोंड न्हाई माझं, त्या दोघी सुखी राहोत एवढंच मागतो. भावकी जमली की हे मोठ्यानं वाचा, मी समोर बसतो. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, तरी थांबू नका. पाणी मी ठेवलं होतं.