उभ्या गड्याची हार

मी मूळचा राहू गावचा. आज्यापातुर मेंढरंच व्हती आमची, वडलांनी ती इकून नदीकाठी शेती धरली, आन् मी शेतीबी सोडून दौंडला रेल्वेत खलाशी लागलो. काय सांगू तुम्हाला, लई ग्वाड दिवस व्हते ते. ड्यूटी सुटली का हाताचं काळं धुवायचं आन् थेट रेल्वेच्या हॉलवर. तिथं पीटरसाहेब म्हनून रिटायर ड्रायव्हर व्हते, जन्म दौंडचा पन बोलनं सगळं इंग्रजीत, ते बॉक्सिंग शिकवायचे. दोन वर्षं त्यांनी मला बघितलं आन् म्हनले, तुझा हात काय कामाचा न्हाई, पन डोळा चांगला हाय, तू मारू नको, तू बघ. असा मी रेफ्री झालो.

रिंगनात रेफ्रीनं तीनच शब्द बोलायचे. स्टॉप, ब्रेक, बॉक्स. चौथा निघाला का साहेब सगळ्यांपुढं कान धरायचे. मला तर सवयच लागली, घरी कमल भाकरी वाढाया लागली का मी ताटावर हात धरून म्हनायचो स्टॉप. ती हसायची, म्हनायची, अवो सरळ बास म्हना की.

कमल म्हंजी आमची मंडळी, मांडवगण फराट्याची. तिचा धाकटा भाऊ संपत. सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हनायचं, ते संपत शाळंत असतानाच गेले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आवाज कधी चढला न्हाई त्यांचा. मंग संपतला मीच दौंडला आनला, मीच त्याच्या हातात ग्लोव्ज घातले. पोरगं वाघ निघालं. मला दाजी दाजी करत मागं फिरायचं.

तर नव्वदच्या पुढची गोष्ट, शिरूरला मोठ्या फाइटी ठेवल्या. पुन्याच्या एका कंपनीचे साहेब येनार व्हते, फायनल जिंकंल त्याला टीममधी घेनार, म्हंजी कायमची नोकरी. संपत फायनलला आला, म्होरं पुन्याचा गडी, आन् ऐन वक्ताला दुसरा रेफ्री आलाच न्हाई. मी म्हनलं, अवो मेव्हना हाय माझा, मला नका लावू. भरवनारे म्हनले, मंग कोनाला लावू, दुसरा कोन हाय हितं. मांडवगणची दोन ट्रक मान्सं आलेली, ती खूश झाली, म्हनली पंचच घरचा, आता काय काळजी. मी दोरीखालनं रिंगनात शिरलो.

दुसऱ्या राउंडला संपतच्या कानशिलावर बुक्की बसली. पडला न्हाई, नुसता हलला. उभ्या गड्यालाबी जबर बसली तर आठपातुर मोजतात, म्हनून मी मधी शिरून मोजाया लागलो, वन, टू, थ्री. आठला त्यानं दोन्ही हात वर घेतले आन् म्होरं आला. कायद्यानं गडी तयार. मांडव नुसता दनानला. पन माझ्यासंगट डोळं कुठं मिळंना त्याचं, आन् हळूच म्हनला, आबा, तुम्ही कवा आला?

मी पांढऱ्या कपड्यात व्हतो ना. रेफ्रीचा डरेसच तसा.

मी त्याचे दोन्ही हात धरले. आन् स्टॉप म्हनायचं तर माझ्या तोंडातनं निघालं, बास, लेकरा.

झालं. हितला मानूस कुस्तीचा, पाठ टेकल्याबिगर हार न्हाई, हे आईच्या दुधातनं आलेलं. उभ्या गड्याला हरवला म्हनून खुर्च्या आल्या अंगावर. कोन म्हनलं पुनेकरांनी फितवला, कोन म्हनलं मेव्हना म्होरं गेलेला बघवला न्हाई. मी खरं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पन पोराला मेलेला बाप दिसला, हे कसं सांगू? त्याला येडा ठरवला असता, लग्न जमलं नसतं. कमललाबी सांगितलं न्हाई मी.

संपतची नोकरी गेली, तिच्यासंगं माझा मेव्हनाबी तुटला. सात वर्षं संपत भाऊबीजेला आला न्हाई. कमल ताट करायची, वाट बघायची, आन् मंग अंगनात जाऊन चंद्राला ओवाळायची. सख्खा भाऊ जित्ता असून. 

त्या सात वर्षांतच त्याचं लग्न झालं, रांजणगावला कंपनीत लागला, पोरगा झाला, पोरगी झाली. एका भाऊबीजेला ती बारकी पोर आपल्या भावाला ओवाळत व्हती म्हनं, त्यो उठला आन् तशीच गाडी काढून दौंडला आला. कमल ओवाळायचं ताट घेऊन दारातच गेली.

जेवताना मान खाली घालून म्हनला, दाजी, एक सांगायचं राह्यलंय. त्या दिशी रिंगनात आबा आलते. माझे हात धरले आन् म्हनले, बास, लेकरा. म्हनून मी थांबलो. तुमच्यावर उगं आळ आला.

 कमलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, व्हय रं, आले असतील. तुझ्यावर जीव व्हता त्यांचा.

आता पीटरसाहेब न्हाईत, हॉलला कुलूप हाय, मीबी रिटायर झालो. संपत मातुर दर भाऊबीजेला येतो, भाच्याला घेऊन. सुखात हाय, सुखात राहू द्या. तुम्ही हे लिवताय ते लिवा, पन मांडवगणात कुनाला वाचून दावू नका. संपतच्या लेखी त्या दिशी रिंगनात आबाच आलते.